सोडले की सोडावे लागले : इंदूरमधील एका इंग्रजी वृत्तवाचन वर्गाविषयी

इंदूरमध्ये इंग्रजी बोलायला शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत, परंतु इंग्रजी वर्तमानपत्र बारकाईने कसे वाचावे हे शिकवणारा वर्ग माझ्या पाहण्यात एकच आला. रामबाग परिसरातील एका जुन्या घराच्या माडीवर तो दर शनिवारी संध्याकाळी भरतो. तो चालवणारे सर इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक म्हणून उभी हयात घालवून निवृत्त झाले आहेत. दारावर पाटी नाही, जाहिरात नाही, आणि आपले नाव कुठे छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे मीही ते येथे देत नाही. येणाऱ्यांमध्ये हिंदी दैनिकांत वृत्तसंस्थांच्या बातम्या उतरवून घेणारे तरुण आहेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी आहेत, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातील कागदपत्रांची भाषांतरे करणाऱ्या काही स्त्रिया आहेत, आणि माझ्यासारखे, इंग्रजी बातम्या व अहवाल मराठीत आणण्याचे काम करणारे थोडेसे लोक आहेत.

प्रत्येक सत्रात अर्थाने एकमेकांजवळ असलेल्या क्रियापदांचा एकच गट घेतला जातो आणि तोच अनेक शनिवार चालतो. नुकत्याच संपलेल्या सत्रात ‘सोडून देणे’ या अर्थाची क्रियापदे होती: सीड, रिलिंक्विश, रिनाउन्स, ॲब्डिकेट, सरेंडर, कन्सीड, वेव्ह, फॉरगो, फॉरफिट, यील्ड, डेमिट, क्विट, स्टेप डाउन आणि त्यांच्या आसपासची आणखी काही. विषय ऐकून तो व्याकरणाच्या तासासारखा कोरडा असेल असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात मी आजवर केलेल्या कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा या सत्राने माझ्या रोजच्या कामात अधिक फरक पाडला, आणि त्याचे कारण सरांचा एक साधा आग्रह आहे. कोणी काही सोडल्याची बातमी वाचली की तीन गोष्टी विचारायच्या: सोडलेली वस्तू आधी त्याची होती का, ती आता कोणाकडे गेली, आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय होती का. या गटातले जवळजवळ प्रत्येक इंग्रजी क्रियापद या प्रश्नांची उत्तरे पोटात घेऊनच येते. वाचकाला ती न विचारता मिळतात, आणि क्रियापद चुकीचे पडले तर चुकीची उत्तरेही तशीच नकळत मिळतात.

सुरुवात त्यांनी होळकरांपासून केली. ही निवड मला फार योग्य वाटली, कारण इंदूरच्या मराठी माणसाला तो इतिहास घरातल्या गोष्टींसारखा माहीत असतो आणि त्यामुळे सगळे लक्ष भाषेकडे देता येते. २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकर महिदपूरची लढाई हरले आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. त्या तहाने खानदेशासह सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि राजपूत संस्थानांवरील होळकरांचे हक्क संपले. अशा व्यवहाराचे इंग्रजी क्रियापद म्हणजे सीड. बियाण्याच्या सीडशी त्याचा उच्चार जुळतो, स्पेलिंग वेगळे आहे. मुलूख किंवा अधिकार एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे, बहुधा कागदावर सही होऊन, जातो तेव्हा हा शब्द येतो आणि त्यात घेणारा नेहमी ठरलेला असतो. मात्र जबरदस्ती होती की नव्हती हे त्यातून कळत नाही. लढाई हरलेल्या राजालाही तेच क्रियापद लागते आणि वाटाघाटीत राजीखुशीने काही देणाऱ्या सरकारलाही तेच लागते, म्हणून तहाआधीची लढाई बातमीदाराला वेगळ्या वाक्यात सांगावीच लागते.

आजच्या पत्रकारितेत या एका शब्दावर केवढा वाद उभा राहू शकतो हे दाखवण्यासाठी त्यांनी कच्चतीवूविषयीची कात्रणे वाटली. १९७४ च्या करारानंतर ते बेट श्रीलंकेकडे आहे. भारताने ते सीड केले असे लिहिणारा बातमीदार ते आधी निर्विवादपणे भारताचे होते असे गृहीत धरतो. परंतु तो प्रदेश वादग्रस्त होता, त्याची सीमा कधी आखलेलीच नव्हती, त्यामुळे भारताचा भूभाग देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता, अशी परराष्ट्र मंत्रालयाची भूमिका राहिलेली आहे. म्हणजे क्रियापद निवडताक्षणीच बातमीदार एका पक्षाच्या बाजूला जाऊन बसतो. याउलट पश्चिम बंगालमधील बेरुबाडीचा काही भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात, भारताचा प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली दिले आणि त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झाली. तेथे सीड हाच शब्द बिनचूक होता. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवल्यावर वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही.

ॲब्डिकेटसाठी तर इंदूरबाहेर पाहण्याची गरजच नव्हती. शिवाजीराव होळकरांनी १९०३ मध्ये आणि त्यांचे पुत्र तुकोजीराव तिसरे यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. दुसऱ्या प्रसंगामागे जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर झालेला अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून होता, आणि त्यातील हल्लेखोरांचा संबंध इंदूर दरबाराशी असल्याचे दिसले होते. चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा पदत्याग करावा, असे दोन पर्याय सरकारने महाराजांपुढे ठेवले आणि महाराजांनी मुलासाठी गादी सोडली. याला इंग्रजीत ॲब्डिकेशन म्हणतात आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, कारण निर्णयावर सही राजाचीच होती. मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या गादीवरून काढले, तेथे ॲब्डिकेट लिहिले तर ती सरळ चूक ठरेल; तेथे डिपोज हवे. तुकोजीरावांचे प्रकरण या दोन शब्दांच्या मधल्या अरुंद जागेत बसते. ‘महाराजांनी गादी सोडली’ हे वाक्य खरे आहे आणि तरीही अपुरे आहे. त्या वाक्याला ‘दबावाखाली’ जोडावे, ‘चौकशी टाळण्यासाठी’ जोडावे, की ‘सरकारने दिलेल्या दोन पर्यायांपैकी’ असे म्हणावे, यावर त्या दिवशी बरीच चर्चा झाली. ‘टाळण्यासाठी’ म्हटले की हेतू आपण ठरवला असे होते. ‘दोन पर्यायांपैकी’ म्हटले की जे कागदावर आहे तेवढेच सांगितले जाते. शेवटी सगळ्यांचे मत तिसऱ्या वाक्यरचनेच्या बाजूने पडले, आणि माझेही तेच मत आहे.

त्याच ओघात आठव्या एडवर्डची १० डिसेंबर १९३६ ची पदत्यागपत्रिका समोर आली. तिच्या शीर्षकात ॲब्डिकेशन आहे, परंतु मजकुरातले मुख्य क्रियापद रिनाउन्स आहे: राजा स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी सिंहासनाचा त्याग जाहीर करतो. ॲब्डिकेटने आजचे पद जाते, रिनाउन्सने उद्याचा दावाही जातो, हा फरक त्या एका वाक्यात दिसतो. २०१३ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट पदावरून दूर झाले तेव्हा त्यांच्या निवेदनातही त्याग जाहीर करण्याचेच क्रियापद होते; बहुतेक वर्तमानपत्रांनी मात्र सरळ रिझाइन वापरले. राजीनामा कोणाकडे तरी द्यायचा असतो आणि त्याने तो स्वीकारायचा असतो, पोपच्या बाबतीत तो स्वीकारणारा कोणीच नसतो आणि चर्चच्या कायद्यानुसार स्वीकृतीची गरजही नसते. वाचकाला रिझाइन लगेच समजते हा वर्तमानपत्रांचा युक्तिवाद मला मान्य आहे, तरी पहिल्या परिच्छेदात हा फरक एका ओळीत सांगता आला असता असे वाटते.

सत्राचा सर्वांत मोलाचा भाग, निदान माझ्यासाठी, नागरिकत्वाचा होता. लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर या भागांतल्या मराठी घरांत परदेशी स्थायिक झालेले कोणी ना कोणी असते, आणि तरी ‘भारतीय नागरिकत्व सोडले’ या वाक्यात काय काय मिसळले गेले आहे हे आमच्यापैकी कोणाला नीट सांगता आले नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ याच्या आठव्या कलमात रिनाउन्स आहे: सज्ञान नागरिक ठरावीक पद्धतीने घोषणा करतो, तिची नोंद होते, आणि त्या नोंदीबरोबर त्याचे नागरिकत्व संपते. नवव्या कलमात वेगळीच गोष्ट आहे: दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, वेगळी घोषणा लागत नाही. अमेरिकेचे किंवा कॅनडाचे नागरिक झालेले आपले बहुतेक नातेवाईक या दुसऱ्या वाटेने जातात. त्यानंतर त्यांना भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि त्या जमा करण्याचे क्रियापद सरेंडर. तेव्हा एकाच बातमीत तीन वेगळ्या क्रिया असू शकतात आणि तिन्हींना मराठीत आपण ‘सोडले’ म्हणून मोकळे होतो. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले. या आकड्याच्या बातम्यांत रिनाउन्स, रिलिंक्विश, गिव्ह अप आणि सरेंडर ही चारही क्रियापदे अदलाबदल करून वापरलेली सापडतात. रिनाउन्स वाचणाऱ्याच्या मनात देशाकडे पाठ फिरवण्याचे चित्र उभे राहते. नवव्या कलमाखाली जे घडते त्यात असे जाहीर काही नसते, तेथे एक दार उघडताना दुसरे कायद्यानेच लागते. ज्यांची मुले या आकड्यात आहेत अशा दोन वयस्क सहाध्यायांनी हा भाग झाल्यावर ‘ही टिपणे मुलांना पाठवायची आहेत’ म्हणून मागून घेतली, यात सगळे आले.

कर्जाच्या बातम्यांचा शनिवारही तितकाच उपयुक्त होता, विशेषतः सहकारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका वर्गात होते म्हणून. वेव्ह म्हणजे आपला हक्क आपण होऊन सोडणे. कर्ज वेव्ह झाले म्हणजे कर्जदाराची देणेदारीच संपली. राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून ते कर्ज काढून टाकणे. कर्जदार देणेकरीच राहतो आणि वसुली चालूच असते. काकांनी तेथल्या तेथे सांगितले की बँकेत याला ‘कर्ज निर्लेखित करणे’ म्हणतात आणि कर्जमाफीशी त्याचा काही संबंध नाही. तरीही ‘उद्योगपतींची इतक्या कोटींची कर्जे माफ’ असा मथळा राइट ऑफच्या आकड्यावर वर्षानुवर्षे दिला जातो. शेतीकर्जाविषयीच्या २००८ च्या केंद्रीय योजनेच्या नावात वेव्हर आणि रिलीफ असे दोन शब्द होते, कारण अल्प व अत्यल्पभूधारकांचे पात्र कर्ज पूर्ण माफ होणार होते आणि इतरांना २५ टक्के सूट मिळणार होती. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशात दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाच्या माफीचा आदेश निघाला तोही वेव्हरच. सरकार माफ करते असे आपण म्हणतो, पण हक्क बँकेचा असतो आणि पैसे सरकारी तिजोरीतून बँकेकडे जातात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ध्यानात येत नाही. भारतीय इंग्रजीत वेव्हला ऑफ जोडण्याची खोड आहे, तिच्याबद्दल सरांनी कडक शब्द वापरले. मला ती खोड एवढी गंभीर वाटत नाही.

निवडणुकीचा भाग त्यांनी पुन्हा इंदूरवरच आणला. २९ एप्रिल २०२४ रोजी, अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, इंदूर लोकसभा मतदारसंघातील काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. विथड्रॉ हा येथे कायद्याचा शब्द आहे आणि त्यात रंग नाही. पुल आउट, क्विट द रेस, डिच हे शब्द त्याच घटनेला हळूहळू चढता रंग देतात. पुढे या मतदारसंघात ‘नोटा’ला २,१८,६७४ मते पडली, विजयी उमेदवाराचे मताधिक्य ११,७५,०९२ राहिले आणि उरलेल्या सर्व उमेदवारांची अनामत रक्कम जप्त झाली. जप्तीचे क्रियापद फॉरफिट. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास लोकसभेसाठी भरलेले २५,००० रुपये उमेदवार गमावतो. तो ते देत नाही, कोणी हिसकावूनही घेत नाही, नियम न पाळल्याची किंवा अट पूर्ण न झाल्याची ती किंमत असते. इंग्रजीत कर्ता उमेदवार असतो, मराठीत आपण रक्कम ‘जप्त झाली’ म्हणतो आणि उमेदवार वाक्यातून नाहीसा होतो. भाषांतर करताना वाक्य उलटवावे लागते, आणि उलटवलेलेच स्वाभाविक वाटते.

कन्सीडवर मात्र आणखी वेळ द्यायला हवा होता. अमेरिकेत पराभूत उमेदवाराने पराभव मान्य करण्याला कायद्याची सक्ती नाही, तरी संपूर्ण पत्रकारिता त्या एका शब्दाची वाट पाहते. २००० साली अल गोर यांनी मतमोजणीच्या रात्री फोन करून पराभव मान्य केला, तासाभरात पुन्हा फोन करून ते मागे घेतले, आणि न्यायालयाच्या निकालानंतर १३ डिसेंबरला पुन्हा जाहीरपणे मान्य केला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कमला हॅरिस यांनी निवडणूक कन्सीड करते पण लढा कन्सीड करत नाही, असे एकाच वाक्यात सांगितले. मराठीत पहिल्याला ‘पराभव मान्य केला’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘लढा सोडत नाही’. एकच क्रियापद दोन ठिकाणी टिकत नाही आणि मूळ वाक्याची ताकद तर त्या पुनरुक्तीतच आहे. यावर काय करावे हे वर्गात नीट झाले नाही. क्रीडा पानावरचा कन्सीड, म्हणजे गोलंदाजाने दिलेल्या धावा किंवा संघावर झालेले गोल, आणि फॉरगो व फॉरेगो यांच्या स्पेलिंगमधला गोंधळ, हे दोन्ही पाच मिनिटांत आटोपले, ते ठीकच झाले.

सरेंडरचा दुसरा अर्थ या प्रदेशाला जवळचा आहे. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी फूलनदेवीने भिंड येथे मुख्यमंत्री अर्जुन सिंह यांच्या उपस्थितीत, गांधीजी आणि दुर्गामाता यांच्या प्रतिमांपुढे शस्त्र ठेवले, आणि तेही आधी अटी ठरवून. शरण गेली ती कोणाला, हा प्रश्न तिच्या बाबतीत फार महत्त्वाचा होता. उत्तर प्रदेश पोलिसांपुढे शस्त्र ठेवायला ती तयार नव्हती. इंग्लंडमधल्या बातमीत सरेंडरनंतर टू येते, आपल्याकडे बिफोर येते, आणि मला आपला बिफोर येथे अधिक नेमका वाटतो, कारण समोर कोण उभे होते ते त्यातून कळते. सर याला भारतीय इंग्रजीतील दोष मानत नाहीत हे मला आवडले. न्यायमूर्तींच्या निवृत्तीसाठी आपली वर्तमानपत्रे डेमिट ऑफिस लिहितात आणि अधिकाऱ्यांसाठी रिलिंक्विश्ड चार्ज लिहितात, त्याबाबतही त्यांची भूमिका हीच आहे: येथील वाचकाला समजते, येथील कार्यालयांत चालते, तर ते वापरावे, फक्त वयोमर्यादेने पद सुटले असेल तेव्हा त्याने पद त्यागले असा भास वाक्यातून होऊ देऊ नये.

शिकवण्याची पद्धत सांगितल्याशिवाय हा परिचय पुरा होणार नाही. प्रत्येक शनिवारी एक ए-फोर कागद मिळतो. त्यावर खऱ्या वर्तमानपत्रांतून कापलेले मथळे डिंकाने चिकटवून झेरॉक्स काढलेली असते, आणि प्रत्येक मथळ्यातले क्रियापद पांढऱ्या शाईने झाकलेले असते. पट्टीची कड कधी तिरकी आलेली दिसते, शाईच्या थराखाली एखाद्या अक्षराचा शेंडा दिसतो. आधी बातमीचा मजकूर वाचायचा, नंतर पेन्सिलीने मोकळ्या जागेत आपले क्रियापद लिहायचे, आणि शेवटी छापलेले क्रियापद कोणते होते ते सर सांगतात. शेतीविषयक तीन कायद्यांचा कागद माझ्याजवळ अजून आहे. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली आणि संसदेने रद्द करण्याचे विधेयक २९ नोव्हेंबरला संमत केले. पहिल्या दिवसाच्या मथळ्यात कोणी रिपील लिहिले, कोणी रोल बॅक, कोणी बॅक डाउन, कोणी यील्ड. सरांनी आधी तारखेकडे बोट दाखवले: त्या दिवशी काहीच रिपील झालेले नव्हते, रिपील करणे संसदेचे काम आहे. मग इतर शब्दांकडे आले. रोल बॅक निर्णयाबद्दल बोलतो, बॅक डाउन माणसाबद्दल बोलतो, आणि यील्ड म्हटले की समोर दाब देणारा कोणीतरी उभा राहतो. यांपैकी कोणताही शब्द खोटा म्हणता येणार नव्हता, पण संपादकीय पानावर चालणारा शब्द पहिल्या पानावर गेला की बातमीचे मत होते.

डेस्कवर काम करणाऱ्या एका तरुणाने तेव्हा अडचण मांडली, “सर, पण दोन कॉलमच्या मथळ्यात एवढे बसतच नाही. क्विट चार अक्षरांत होते, रिलिंक्विशला दहा लागतात.” सर म्हणाले, “मग मथळ्यात क्विटच घ्या, त्यात काही वाईट नाही. पण खालच्या पहिल्या परिच्छेदात पद केव्हापासून सुटले, राजीनामा कोणाला दिला आणि तो मंजूर झाला का, हे आलेच पाहिजे. मथळ्याने उधारी केली तर ती पहिल्या परिच्छेदाने फेडायची.” हे सूत्र मी तेव्हापासून पाळते.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव अशी की मराठी आणि हिंदी पर्यायांचे काम जवळजवळ विद्यार्थ्यांवर सोडलेले आहे. इंग्रजीतील सूक्ष्म भेद समजल्यानंतर ‘त्याग करणे’, ‘पायउतार होणे’, ‘हक्क सोडणे’, ‘पाणी सोडणे’, ‘माघार घेणे’, ‘नमते घेणे’, ‘शरण जाणे’, ‘सुपूर्द करणे’, ‘स्वाधीन करणे’ या आपल्या क्रियापदांचीही अशीच छाननी व्हायला हवी होती, कारण वर्गात बसलेले बहुतेक लोक अखेर देशी भाषांत लिहितात. ‘पायउतार’ यात स्टेप डाउनपेक्षा अधिक उंची आहे आणि ‘पाणी सोडणे’ यात फॉरगोपेक्षा अधिक दुःख आहे. सरांचे मराठी उत्तम असूनही या दिशेला ते फारसे वळत नाहीत. ज्या शहरात राहुल बारपुत्यांसारख्या मराठीभाषक संपादकाने हिंदी दैनिकाला भाषेची शिस्त लावली आणि राजेंद्र माथुरांसारख्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने हिंदी पत्रकारितेत मोठे काम केले, त्या शहरात तर तिन्ही भाषा एका टेबलावर ठेवणे अगदी स्वाभाविक ठरले असते. मी हे सरांना सांगितले आहे, आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

दुसरी गोष्ट, उदाहरणे राजकारण, न्यायालय आणि राजघराणी यांच्याकडे फार झुकतात. अर्थविषयक पानांवर यील्ड रोख्यांवरील परताव्यासाठी येतो आणि कृषिपानावर सोयाबीनच्या उताऱ्यासाठी येतो. मालव्यात बसून हा शेवटचा अर्थ केवळ ओझरता यावा हे बरे नव्हे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या गॅस अनुदान सोडण्याच्या मोहिमेचे नावच ‘गिव्ह इट अप’ होते आणि एक कोटीहून अधिक ग्राहकांनी अनुदान सोडले. गटातल्या सर्वांत साध्या क्रियापदाचे एवढे मोठे उदाहरण संपूर्ण सत्रात आले नाही. गृहपाठ तपासून मिळायला उशीर होतो. झेरॉक्सवरचे अक्षर बारीक असते, वयस्कांना त्रास होतो. माडीचा जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी याचा विचार करून जावे. लग्नसराईत खालून वरात गेली की दहा मिनिटे काही ऐकू येत नाही, त्याला अर्थात कोणाचाच इलाज नाही.

शुल्क शहरातील संभाषणवर्गांच्या मानाने बरेच कमी आहे आणि विद्यार्थ्यांना त्यातही सवलत मिळते. प्रमाणपत्र मिळत नाही, तेव्हा नोकरीच्या अर्जाला जोडण्यासाठी कोणी येत असेल तर त्याने येऊ नये. इंग्रजी दैनिक शब्दकोश न घेता ढोबळमानाने वाचता येणे एवढी पूर्वतयारी हवी. ती नसलेल्या दोघा-तिघांची या सत्रात फरफट झाली, आणि प्रवेशाच्या वेळी एक लहानशी चाचणी घेतली असती तर ती टळली असती. वृत्तपत्रांत काम करणाऱ्यांना, भाषांतरकारांना, वकिलांना आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी हा वर्ग आग्रहाने सुचवेन. पुढच्या सत्रात आरोप, इन्कार आणि कबुली यांची क्रियापदे घेणार असल्याचे सरांनी सांगितले आहे. बदनामीच्या खटल्यांची भीती बाळगून लिहिणाऱ्या बातमीदारांसाठी तो विषय याहूनही निकडीचा आहे. नाव नोंदवण्यासाठी शनिवारी वर्ग सुटण्याच्या सुमारास प्रत्यक्ष जावे लागते, आणि येताना त्याच आठवड्यातील एक इंग्रजी दैनिक, आपण वाचून खुणा केलेले, बरोबर आणावे असा त्यांचा नियम आहे.